नगरसेवक प्रभागात राहणाराच हवा, असा नियम आहे का?

साखरपेठी (धागाकर्ता)

परवा रात्री आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. तुंबलं म्हणजे झाकणाच्या चारी बाजूंनी काळं पाणी वर आलं आणि समोरच्या काकूंच्या रांगोळीपर्यंत पोचलं. प्रभागात चार नगरसेवक. तिघांचे फोन लागले नाहीत, चौथ्यांनी उचलला. माणूस बोलायला चांगला, खोटं कशाला सांगू. "आलोच" म्हणाले आणि खरंच पाऊण तासात आले. पण आले ते मागच्या सोसायटीच्या गेटवर. तिथून फोन, "कुठलं दत्त मंदिर म्हणालात? इथं तर गणपती दिसतोय." दोनदा पत्ता सांगून झाला. शेवटी म्हणाले, "असं करा, व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाका."

लोकेशन टाकलं आणि टाकता टाकता डोक्यात किडा शिरला. जानेवारीत याच माणसाच्या पत्रकावर ‘आपल्या घरचा माणूस’ असं ठळक छापलं होतं. चौकशी केली तर कळलं की हे राहतात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पुणे नाक्याच्या बाजूला. आमच्या जुळे सोलापुरात त्यांचं फक्त संपर्क कार्यालय आहे. प्रचार संपला त्या संध्याकाळी त्याचं शटर जे खाली आलं ते आलंच.

आता मला सांगा, रेशनकार्डावर नाव चढवायचं तर वीजबिल आणा, पोराला शाळेत घालायचं तर रहिवासी पुरावा आणा, गॅसचं कनेक्शन हलवायचं तरी पत्ता दाखवा. मग जो माणूस आमच्या गटारीवर आणि दिव्यावर निर्णय घेणार, त्याला राहण्याची काहीच अट नाही? कायद्यात काय आहे ते जाणकारांनी सांगावं. नसेल तर असावी असं माझं स्पष्ट मत आहे. निवडणुकीआधी किमान तीन वर्षं त्या प्रभागात राहिलेला हवा. पाणी कुठल्या दिवशी येतं, रात्री किती वाजता येतं, हे ज्याला स्वतः जागून माहीत नाही तो सभागृहात काय बोलणार?

कडकभाकरी

लोकेशन टाकलाव म्हणजे तुम्ही मतदार नाय ओ, पार्सलचं गिऱ्हाईक झालाव.

खाकीफाईल

साखरपेठी, अट आहे. तुम्हाला हवी ती नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चं कलम 9 काढा. शहरातल्या कुठल्याही प्रभागाच्या मतदार यादीत नाव असलं की त्या किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं. वय 21 पूर्ण हवं आणि कलम 10 मधली अपात्रता नको. किती वर्षं राहताय, रात्री पाठ कुठे टेकता, हे कायदा विचारत नाही. बाकी पुष्कळ विचारतो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालंय का, महापालिकेच्या ठेक्यात वाटा आहे का, बेकायदा बांधकामात हात आहे का. घरी शौचालय आहे आणि ते वापरतो, असं लिहून द्यावं लागतं. ते शौचालय कुठल्या प्रभागात आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

प्रभागाचाच माणूस लागतो तो सूचक आणि अनुमोदक म्हणून. ते त्याच प्रभागाचे मतदार हवेत. म्हणजे ‘हा आपला’ असं म्हणणारे दोघे आतले, आणि ज्याला आपला म्हणायचं तो कुठलाही.

खरी मेख यादीत आहे. महापालिकेची अशी वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादी घेतात आणि तिचे प्रभागवार तुकडे पाडतात. या खेपेला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. राज्य निवडणूक आयोग त्यात स्वतःहून नाव घालत नाही की काढत नाही. म्हणून तर दुबार वाटलेली नावं काढून टाकण्याऐवजी त्यांच्यापुढे दोन तारे छापले होते, आठवतं का? आणि विधानसभेच्या यादीत नाव यायला 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम 19 लागतं. 18 वर्षं पूर्ण आणि त्या मतदारसंघातला ‘सर्वसाधारण रहिवासी’. पुढचं कलम 20 सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यानं कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपतही नाही.

तेव्हा राहण्याची अट आहे, पण मतदाराला. उमेदवाराला ती मतदार म्हणून लागते, तीही शहरापुरती.

साखरपेठी

आणि समजा शहरातही राहत नसेल तर? पुण्यात फ्लॅट, पुण्यात बायकापोरं, इथं नुसतं यादीत नाव.

खाकीफाईल

निकालानंतर 10 दिवसांत महापालिका अधिनियमाच्या कलम 16 खाली न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. पण तिथं ‘हा इथं राहतच नाही’ एवढ्यावर पदरात फारसं पडत नाही. गुजरातच्या राज्यसभा निवडणुकीवरून हरिप्रसाद त्रिवेदी विरुद्ध व्ही. बी. राजू हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1973 चा निकाल आहे. माणूस यादीत चुकीनं आला का, खरंच रहिवासी होता का, ही चिरफाड निवडणूक याचिकेत करायची नाही, असं न्यायालयानं म्हटलं. यादी एकदा पक्की झाली की पक्की. हरकत घ्यायची ती आधी, नमुना 7 भरून. त्या वेळी कुणी फिरकत नाही. निकाल लागल्यावर माझ्याकडे येतात, फाईल काखेत धरून.

खोटा पत्ता लिहून यादीत नाव घातलं तर 1950 च्या अधिनियमाच्या कलम 31 खाली वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कलम आहे एवढं सांगतो.

चिंचगूळ

नगरसेवकाचं काय घेऊन बसलात. खासदाराला देशातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं तरी चालतं. 2009 ला शरद पवार बारामती सोडून आपल्या जिल्ह्यात माढ्यातून उभे राहिले आणि आले निवडून. 2019 ला प्रकाश आंबेडकर सोलापुरातून लढले. 2024 ला राम सातपुते आले तेव्हा ‘उपरा की भूमिपुत्र’ यावर महिनाभर चहाच्या टपऱ्या चालल्या. राज्यसभेला तर पूर्वी त्या राज्याचा मतदार असावं लागायचं. म्हणून मनमोहनसिंग 1991 पासून आसामचे रहिवासी. 2003 ला ती अटच काढून टाकली, आणि पत्रकार कुलदीप नय्यर त्याविरुद्ध न्यायालयात गेले तर 2006 ला तिथंही ‘चालतंय’ झालं. वर रान मोकळं आणि खाली नगरसेवकाला तीन वर्षांची अट?

साखरपेठी

खासदाराला मी चेंबरसाठी फोन करत नाही हो.

परतलेलं_पाखरू

मी 2010-11 ला शिकागोत होतो, तिथला एक तमाशा सांगतो. तिथं महापौर व्हायचं तर निवडणुकीआधी सलग एक वर्ष शहरात राहिलेलं असावं लागतं. राम इमॅन्युएल नावाचे गृहस्थ ओबामांचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून वॉशिंग्टनला होते. ऑक्टोबर 2010 ला ती नोकरी सोडून परत आले, महापौरपदाला उभे राहायला. आले तर स्वतःच्याच घरात शिरता येईना, कारण घर भाड्यानं दिलेलं आणि भाडेकरू म्हणतो करार संपल्याशिवाय निघत नाही. वर त्या भाडेकरूनं महापौरपदासाठी स्वतःच उमेदवारी जाहीर केली! (मागे घेतली नंतर.)

मग सुनावणी. तुम्ही शहर सोडलं होतं की फक्त बाहेर गेला होतात? गृहस्थांनी सांगितलं की आमच्या किमती चीजवस्तू, बायकोचा लग्नातला ड्रेससुद्धा, त्याच घराच्या तळघरात ठेवून गेलो होतो, म्हणजे परत यायचंच होतं. अपील कोर्टानं 24 जानेवारी 2011 ला दोन विरुद्ध एक मतांनी नाव मतपत्रिकेवरून काढलं. तीन दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं परत घातलं. 22 फेब्रुवारीला मतदान झालं, ते जिंकले.

इतकी काटेकोर अट, आणि अखेर सगळं येऊन थांबलं ते तळघरातल्या खोक्यांवर. न्यूयॉर्कला 2021 मध्ये महापौरपदाचे उमेदवार एरिक अ‍ॅडम्स यांचंही तेच. ब्रुकलिनला राहता की शेजारच्या न्यू जर्सीत, म्हणून पत्रकारांना घर दाखवायची वेळ आली. पत्रकारांनी फ्रिजमध्ये डोकावलं, तर वनस्पतिजन्य आहारावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या फ्रिजमध्ये मासा. मग हा फ्रिज नक्की कुणाचा, यावर चर्चा.

कडकभाकरी

आपल्याकडं कुणाचाबी फ्रिज उघडा, शेंगाचटणीच निघणार. प्रभाग कसा ओळखणार बे त्यावरनं?

फळाखडू

मी शिक्षिका. गेली काही वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी पडताळायचं, काम गळ्यात आहे, त्यामुळे ‘राहणे’ या शब्दाचा मला जरा जास्तच अनुभव आहे.

पूर्व भागातल्या एका जुन्या घरात मी पडताळणीला जाते. यादीत त्या घर क्रमांकावर अकरा नावं. दारात आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. बोटं थांबत नाहीत. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोलणं तेलुगूत, माझ्यासाठी मध्येच मराठी. "पोरं कुठायत आजी?" दोघं रे नगरला, एक भिवंडीला, नात लग्न होऊन गेली. घरात प्रत्यक्ष झोपणारे तिघे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रे नगर म्हणजे कुंभारीजवळची कामगारांची 30,000 घरांची वसाहत. पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. कायद्यानं बघितलं तर तिथं राहायला गेलेल्यांनी नमुना 8 भरून नाव तिकडं न्यायला हवं. मी आजीला म्हटलं, नावं हलवूया. म्हणाली, "कशाला गं? देव इथं, रेशन इथं, कारखाना इथं. मताला येतात की सगळे." आणि खरंच येतात. रिक्षा करून येतात, आजीच्या हातचं जेवतात, मत देतात, जातात.

मी वहीत ‘स्थलांतरित’ लिहायला पेन उघडते आणि आजी चहा पुढे करते.

आता आपल्या खाकीफाईल वकीलसाहेबांचं गणित लावा. त्या अकरापैकी कुणी उद्या उभं राहिलं तर कागदोपत्री पूर्ण पात्र. कुंभारीत राहणारा सोलापूरचा नगरसेवक. आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर तो त्या गल्लीला साखरपेठींच्या पाहुण्या नगरसेवकापेक्षा बरा पडेल, कारण त्याची आई तिथं बसलेली आहे.

बांधावरचा

मी त्याच बाजूच्या एका गावचा. तुम्हा शहरवाल्यांची गंमत वाटते. ग्रामपंचायतीच्या सदस्याला आमच्याकडं गाव सोडायचीसुद्धा रजा काढावी लागते. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 40 बघा. रजा न घेता सलग चार महिन्यांपेक्षा जास्त गावाबाहेर राहिला की पद गेलं. सभेला सहा महिने दांडी मारली तर जातं ते वेगळंच.

आमच्या ओळखीतला एक सदस्य दरवर्षी बायकोसकट ऊसतोडीला जातो. निवडून आल्यावर पहिल्याच दिवाळीला गाडीत भांडी चढवता चढवता त्याला कुणीतरी हे कलम सांगितलं. गडी खाली उतरला, वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, "पोटासाठी कारखान्यावर जात आहे, तरी रजा मिळावी." ग्रामसेवकानं शिक्का मारून दिला तेव्हा गाडी हलली. सहा महिन्यांपर्यंत रजा देता येते, म्हणून वाचला.

खाकीफाईल

बरोबर आहे हे. महापालिकेच्या कायद्यात शहराबाहेर राहण्यासाठी अशी रजा नाही. सलग काही महिने सभांना गैरहजर राहिलं तर पद जाऊ शकतं, पण सभेला येऊन सही करून संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेलं तर कायद्याची काही तक्रार नाही.

चिंचगूळ

म्हणजे ऊस तोडणाऱ्याला रजेचा अर्ज आणि फ्लॅटवाल्याला पुण्याची गाडी.

उंबरा

जरा माझंही ऐका. आमच्या प्रभागातल्या एक नगरसेविका आमच्याच गल्लीत राहतात. लग्न होऊन आल्यापासून. साखरपेठींची तीन वर्षांची अट त्या सहज पार करतील. गेटवर पाटी त्यांची. पण फोन उचलतात त्यांचे मिस्टर. झोन ऑफिसला जातात मिस्टर. हळदीकुंकवाला मी त्यांना म्हटलं, कोपऱ्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. तर म्हणाल्या, "यांना सांगते." राहण्याची अट घालून काय होणार? राहणाऱ्या बाईला बोलू द्यायची अट घाला आधी.

साखरपेठी

उंबराताई, मुद्दा मान्य, पण तो वेगळा आजार आहे. एका आजाराला औषध नाही म्हणून दुसऱ्याचंही करू नये असं थोडंच आहे?

उंबरा

आजार एकच आहे हो. तुमचा नगरसेवक दुसऱ्या प्रभागात राहतो, आमची दुसऱ्याच्या फोनमागे.

पडलेला_उमेदवार

मी 2017 ला परप्रभागातून लढलो आणि पडलो. तेव्हा दुसरी बाजू माझ्याकडून घ्या.

26 प्रभाग, त्यातले 24 चार जणांचे आणि 2 तीन जणांचे, एकूण 102 जागा. अर्ध्या महिलांसाठी. त्यावर अनुसूचित जाती, ओबीसी. सोडतीच्या दिवशी चिठ्ठ्या निघतात तेव्हा सभागृहात बसून बघा कधीतरी. पंधरा वर्षं गल्लीत राबलेल्या माणसाचा चेहरा एका चिठ्ठीत उतरतो. आमच्या प्रभागात सर्वसाधारण जागा एकच उरली आणि तिथं पक्षाचा जुना माणूस. मला म्हणाले, पलीकडून लढ. पलीकडं म्हणजे किती? आमच्या घरासमोरचा रस्ता. रस्त्याच्या मधून हद्द गेली होती. मी ज्या टपरीवर रोज चहा पितो ती दुसऱ्या प्रभागात, आणि मी ‘बाहेरचा’!

माझ्याविरुद्ध निवडून आले ते प्रभागाचे रहिवासी, पण राहायचे माझ्यापेक्षा अडीच किलोमीटर लांब, प्रभागाच्या शेपटीकडं. हद्दवाढ भागातले प्रभाग बघा नकाशात. 1992 ला खेडी आत घेतली, तिथं मधे शेतं, ओढे, पुन्हा वस्ती. एका टोकाला चेंबर तुंबलं तर दुसऱ्या टोकाला वासही येत नाही.

आणि हद्द तरी कुठं थांबते एका जागी? मधे तीनचा प्रभाग आखला, हरकती घेतल्या, सुनावण्या झाल्या, बारगळला, परत चारचा आला. तुमची तीन वर्षं मोजायची कुठल्या नकाशावर? माणूस घरात बसून राहिला तरी घराखालून प्रभाग सरकतो.

शेवटचं. अट आलीच तर ती पाळणार कशी ते मी आज सांगतो. प्रत्येक इच्छुकाकडं चार प्रभागांत चार भाडेकरार तयार असतील. खोली दहा बाय दहाची, आत एक सतरंजी, भिंतीवर सिद्धरामेश्वरांचा फोटो. झाला रहिवासी.

कडकभाकरी

खोली भाड्यानं द्यायची हाय. सतरंजी फोटोसकट. इच्छुकांनी भेटावं.

साखरपेठी

पडलेलेसाहेब, भाडेकरार खोटे होतील म्हणून नियमच नको, हे काही पटत नाही. पण रस्त्याच्या मधोमध हद्द गेल्याचं वाचून गप्प बसलो, हे कबूल. 2011 च्या 9,51,558 लोकसंख्येला 102 नं भागून चारनं गुणलं तर एका प्रभागात 37,000 च्या वर माणसं येतात. बार्शी-पंढरपूर सोडली तर जिल्ह्यातली काही गावं एवढी नसतील. त्यात चौघं मिळून जबाबदार म्हणजे कुणीच नाही. तरीही एवढं तरी व्हावं की चारपैकी कोण कुठं राहतो ते नीट छापून मिळावं. शपथपत्रात पत्ता असतो, पण तो कुठला ते आता तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलंतच.

लेस्टरवाला

इथं इंग्लंडमध्ये कौन्सिलर व्हायला चार दरवाजे आहेत, 1972 च्या कायद्यात. त्या हद्दीतला मतदार असा, किंवा बारा महिने तिथं राहिलेले असा, किंवा बारा महिने तिथं जागा मालकीची वा भाड्याची असू द्या, किंवा तुमचं मुख्य कामाचं ठिकाण तिथं असू द्या. चौथा मला आवडतो. आमचे वडील राहायचे एकीकडे, पण चाळीस वर्षं दिवसाचे बारा तास काढले ते अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात. त्या एमआयडीसीतल्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ होता. घराजवळचा रस्ता त्यांनी फक्त अंधारात पाहिला.

चिंचगूळ

आणखी एक. मार्च 2022 ला मुदत संपली, मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. सगळा कारभार आयुक्तांच्या सहीनं. ते सरकारी बंगल्यात राहतात, बदली झाली की जातात. त्या चार वर्षांत ‘आमच्या गल्लीत राहणाराच हवा’ असं कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. चेंबरं तर तेव्हाही तुंबायची.

फळाखडू

मला एक विचारायचंय. साखरपेठी, तुमचं टोपणनाव साखर पेठेचं. राहणं जुळे सोलापुरात. तुमचं स्वतःचं नाव कुठल्या यादीत आहे?

कडकभाकरी

बीएलओ बाईंनी पेन उघडलं बे.

कडकभाकरी

काय झालं ओ साखरपेठी, उत्तर टाकूलालाव का लोकेशन?

साखरपेठी

सकाळपासून हा प्रश्न वाचून उत्तर टाळत होतो. घ्या.

आम्ही जुळे सोलापुरात येऊन अकरा वर्षं झाली. मत अजून साखर पेठेत आहे. माझं, बायकोचं, आईचं. जुन्या घरात आता चुलतभाऊ राहतो. मतदानाला आम्ही तिघं गाडी काढून जातो, शाळेच्या त्याच खोलीत जिथं मी तिसरीत होतो. मत दिलं की कोपऱ्यावर इडली, मग काकाच्या पाया पडायचं आणि परत. जानेवारीतही तेच केलं.

म्हणजे ज्या नगरसेवकाला मी ‘आमचे’ म्हणून फोन केला, त्यांना मी मत दिलेलंच नाही. देऊच शकत नव्हतो. आणि ज्यांना दिलं, त्यांच्या प्रभागात मी वर्षातून चार वेळा जातो. तीन वर्षांची अट मी सुचवली होती. ती मतदाराला लावली तर पहिला मी बाद होतो.

त्या गृहस्थांनी तरी रात्री अकराला येऊन, लोकेशन मागून का होईना, जेटिंगची गाडी बोलावली. ते मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे लिहिलं नव्हतं.

पडलेला_उमेदवार

एवढं खरं बोलणारा उमेदवार असता तर मी सूचक म्हणून सही केली असती. पण प्रभाग कुठला ते आधी ठरवा.

खाकीफाईल

कायद्यानं बघाल तर अकरा वर्षांपूर्वीच नाव हलवायला हवं होतं. आता नमुना 8. पूर्वी मतदारसंघ बदलला की नमुना 6 लागायचा, ऑगस्ट 2022 पासून स्थलांतराला 8 च. दोन्हीकडं नाव ठेवायच्या मोहात पडू नका, 1950 च्या अधिनियमाचं कलम 17 आडवं येतं.

साखरपेठी

काल रात्री फोनवरच माझा आणि बायकोचा भरला. वीजबिलाचा फोटो जोडला. दहा मिनिटांचं काम. अकरा वर्षं का केलं नाही ते मलाही सांगता येणार नाही.

आईचा भरायला घेतला तर तिनं चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "घर बदलताना विचारलं होतंस का मला? मत तरी राहू दे तिथं."

फळाखडू

काकूंचा फॉर्म त्यांना विचारल्याशिवाय भरू नका.

साखरपेठी

विचारलं. नाही म्हणतात.